बेरीबेरी, कूतचा वेढा आणि गोंदियाचा कोंडा

बेरीबेरीचे नाव निघाले की तो जावा-जपानचा जुना रोग, शालेय पुस्तकातील जीवनसत्त्वांच्या तक्त्यातली एक ओळ, एवढ्यावर विषय मिटवला जातो. गोंदियात तरी तो एवढ्यावर मिटू नये. ज्या जिल्ह्याची ओळखच धान आणि राईस मिल यांवर उभी आहे, त्याला हा रोग परका मानता येणार नाही. बेरीबेरी शेतात पिकत नाही. दाणा पांढराशुभ्र करण्याच्या हौसेतून ती आली आणि वाफेवरच्या गिरण्यांनी ती आशियाभर पसरवली.

थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, धानाच्या दाण्यात मुख्यतः कोंड्यात आणि अंकुरात असते. पॉलिश होताना नेमके तेच निघून जाते. उरलेसुरले तांदूळ चार पाण्यांनी धुताना आणि पेज ओतून देताना जाते. शरीरात थायमिनचा साठा सुमारे ३० मिलिग्रॅम. पुरवठा तुटला तर तो दोन-तीन आठवड्यांत सरतो. मग पायांना मुंग्या, चालताना झोक जाणे, अंगावर सूज, धाप आणि अखेरीस हृदय थकणे. पिष्टापासून ऊर्जा मिळवण्यासाठी थायमिन लागते, म्हणून ज्याच्या ताटात भाताखेरीज फारसे काही नाही त्यालाच त्याची गरज अधिक आणि तुटवडाही त्यालाच.

‘हा गरिबीचा रोग’ असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी कूत-अल-अमाराचा वेढा आठवावा. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात तुर्की सैन्याने मेसोपोटेमियात जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनला कोंडून धरले होते. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. त्या उपासमारीत बेरीबेरी झाली ती गोऱ्या सोल्जरांना. त्यांचा पाव पांढऱ्या मैद्याचा होता. कोंड्यासकट आटा आणि डाळ खाणारे हिंदी शिपाई तिच्यापासून बचावले. (स्कर्व्हीने मात्र त्यांचे अतोनात हाल केले, घोड्याचे मांस त्यांनी बराच काळ नाकारले होते.) पुढे पांढरे पीठ संपले, गोऱ्यांनाही आटा आणि जव खावे लागले आणि त्यांची बेरीबेरी ओसरली. राज्यकर्त्यांचे सफेद पीठ हरले, शिपायाचा आटा जिंकला.

गोंदियाच्या अधिक जवळचा धडा मलायातला आहे. तिथल्या खाणींत सयामचा पांढरा तांदूळ खाणारे चिनी मजूर बेरीबेरीने मरत होते. शेजारच्या मळ्यांत उकडा तांदूळ खाणारे तमिळ मजूर ठणठणीत होते. १९०५ साली क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात फ्लेचर या डॉक्टरने रुग्णांचे दोन गट करून एकाला पांढरा, दुसऱ्याला उकडा तांदूळ दिला. रोग जवळपास सगळा पहिल्या गटात झाला. कारण साधे आहे. धान तुसासकट भिजवून वाफवले की कोंड्यातले थायमिन दाण्याच्या आत उतरते, आणि मग गिरणीला ते पुरते खरवडता येत नाही. गोंदियात या तांदळाला उष्णा म्हणतात. मिलवाल्यांना तो करता येतो, तरी त्याच्या पिवळसर रंगाला आणि वासाला नाके मुरडली जातात आणि पंगतीला अरवाच वाढला जातो.

विदर्भाला हे कुणी सांगितले नव्हते असेही नाही. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापला, त्याचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत होते. जे. सी. कुमारप्पांनी तिथून हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार केला. १९५८ साली भातगिरण्यांवर परवान्याचा कायदा आला. नव्या गिरणीने गावात बेकारी वाढेल काय, हे परवाना देताना पाहावे लागे. १९९७ मध्ये तो कायदाही रद्द झाला.

हातसडीवर एक खरा आक्षेप आहे. कोंड्यातल्या तेलामुळे असा तांदूळ लवकर खवट होतो. गोदामात आणि रेशनच्या साखळीत तो टिकत नाही. म्हणूनच उष्ण्याची बाजू भक्कम ठरते. तो टिकतो, गिरणीतच होतो, आणि सरकारी भरडाईत क्विंटलमागे अरवा ६७ किलो मागतात तिथे उष्णा ६८ किलो मिळतो. हिशेबातही तो मागे नाही.

सरकारने निवडलेली वाट मात्र निराळी. १५ ऑगस्ट २०२१ रोजी घोषणा झाली, आणि त्यानंतर रेशनच्या दर शंभर किलो तांदळात साधारण एक किलो पोषक दाणे मिसळले गेले. त्यांत लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ सक्तीचे. आधी कोंडा उतरवायचा, तो तेलासाठी विकायचा, मग कारखान्यातला दाणा आणून त्याच तांदळात टाकायचा! लोहाची गरज कुणी नाकारत नाही. पण पॉलिशने जे हमखास हिरावले ते थायमिन अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत केवळ ऐच्छिक यादीत आहे.

ऐच्छिक याचा अर्थ काश्मीर आणि कर्नाटकातल्या बालरोगतज्ज्ञांना विचारावा. धाप लागून, हृदय निकामी होत आलेली दोन-तीन महिन्यांची अंगावर पिणारी बाळे त्यांनी गेल्या काही वर्षांत थायमिनच्या इंजेक्शनने काही तासांत सावरताना पाहिली. त्यांच्या आयांचा आहार बहुतांशी पांढरा, धुतलेला भात होता, आणि बाळंतपणाच्या पथ्याने उरलेले अन्नही तोडले होते. पांढरा भात आणि बाळंतिणीचे पथ्य गोंदियाच्या घरांतही आहे. या जिल्ह्याच्या रेशन दुकानात उष्णा का नसावा आणि पोषक दाण्यात थायमिन सक्तीचे का नसावे, याचे उत्तर पुरवठा विभागाने द्यायचे आहे.