उद्घाटनाआधी हिशेब



१९९८ साली आमच्या शाखेने रेल्वे वसाहतीमागच्या झोपडपट्टीतील मुलींसाठी शिवणवर्ग काढला. वर्गणीतून सहा यंत्रे घेतली, उद्घाटनाला पेढे वाटले. दोन वर्षांत वर्ग बंद पडला. मुली शेवटपर्यंत येत होत्या. पण शिक्षिकेचा पगार, यंत्रांची दुरुस्ती आणि विजेचे बिल दरमहा कोठून भागवायचे, हा हिशेब आम्ही मांडलाच नव्हता. चूक आमचीच होती. इतरांनी ती पुन्हा करू नये म्हणून हे लिहीत आहोत.

पैसे कमी पडले की फी वाढवा, असे कोणीतरी सुचवतो. पण फी वाढली की ज्याच्यासाठी वर्ग काढला तोच आधी बाहेर जातो. हमालाचा मुलगा रोजची मजुरी बुडवून शिकायला येतो, तीच त्याची फी.

गरिबांच्या शिक्षणाची जबाबदारी सरकारची आहे व ती आपण सोडू देता कामा नये. मुंबईत वरळी येथे १९६७ साली देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. त्याच योजनेचे २००० साली जन शिक्षण संस्थान असे नामकरण झाले. सरकारी तरतूद मागे असल्यानेच ती टिकली. तरीही केवळ अनुदानावर चालणाऱ्या केंद्रात हप्ता लांबला की पहिला पगार थकतो तो शिक्षकाचा.

यावर कर्नाटकातील उजिरे येथे एक वाट निघाली. १९८२ साली धर्मस्थळच्या शैक्षणिक ट्रस्टने दोन बँकांना बरोबर घेऊन ग्रामीण बेकार तरुणांसाठी मोफत निवासी प्रशिक्षण सुरू केले. पुढे याच धर्तीवर जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था निघाल्या. जमीन राज्याची, इमारतीला केंद्राचे अनुदान आणि चालवण्याची जबाबदारी बँकेची. बँक यात का पडते? शिकून धंदा उभा करणारा तरुण उद्या तिचाच कर्जदार होतो. ज्याला फायदा, त्याने खर्चाचा वाटा उचलावा, हे यातले सूत्र आहे.

तेच सूत्र आपणही लावावे. ज्या मालकाला तयार कारागीर हवा, त्याने १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे विद्यावेतन दिलेच पाहिजे. शिकवण्याच्या नावाखाली फुकट राबवून घेणे आम्हाला मान्य नाही. वर्गात शिवलेल्या पिशव्या-गणवेशांतून दोरा, सुया आणि वीजबिल भागावे, मात्र त्यासाठी शिकणे मागे पडू नये. शाखेने सभागृह द्यावे. निवृत्त फिटर व वायरमन बंधूंनी आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकवावे. टपाल बंधूंनी दुरुस्तीसाठी पोस्टात वेगळे खाते उघडून दरमहा थोडी रक्कम टाकावी आणि जमाखर्च फलकावर लावावा.

येत्या शाखासभेत हा विषय घ्यावा. उद्घाटनाची तारीख ठरवण्यापूर्वी तीन वर्षांचा खर्च कागदावर मांडावा, एवढीच विनंती.