जोर न मारता खुराक

ऑलिंपिक संपलं की काही दिवस पदकांपेक्षा पदकवीरांच्या ताटांचीच चर्चा जास्त रंगते. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी मायकेल फेल्प्स रोज १२ हजार कॅलरी खातो, ही बातमी जगभर फिरली. आपण इतकं कधीच खाल्लं नाही, असं त्याने पुढे स्वतःच सांगितलं. पण खुलासा बातमीइतका लांब कधी जात नाही. त्याच बीजिंगमध्ये युसेन बोल्ट मुख्यतः चिकन नगेट्सवर दिवस काढत होता आणि १०० मीटरचा विश्वविक्रमही करत होता. नगेट्स खाऊन कोणी बोल्ट होत नाही, हे आपल्याला लगेच पटतं. मात्र तीच गोष्ट प्रोटीन पावडरच्या डब्याची किंवा सकाळच्या सहा अंड्यांची असली की आपली अक्कल जरा मागे राहते. खेळाडूंच्या खाण्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते पदार्थांत शोधायला गेलं की फसगत होते. खाणं आणि कष्ट यांचा जो मेळ ते रोज घालतात, घेण्यासारखा आहे तो तेवढाच.

याला केनियाच्या लांब पल्ल्याच्या धावपटूंइतका चांगला दाखला दुसरा नाही. रिफ्ट व्हॅलीच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर उंचीवर इटेन आणि काप्टागाट ही गावं आहेत. मॅरेथॉनच्या जगातली कितीतरी मोठी नावं तिथल्या शिबिरांतून आली. एलियुड किपचोगे काप्टागाटच्या शिबिरातला. २०१९ मध्ये व्हिएन्नात त्याने मॅरेथॉनचं अंतर दोन तासांच्या आत कापलं, आणि तरीही शिबिरात संडास धुण्याची पाळी आली की ते काम तो करत असे. अशा शिबिरांतलं जेवण पाहायला गेलं तर निराशाच व्हायची. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हाताने तोडून खायची. सोबत कांदा-टोमॅटोवर परतलेली सुकुमा विकी ही पालेभाजी. राजमा, भात, पाव, दूध, अधूनमधून थोडं मांस, आणि भरपूर दूध-साखर घातलेला चहा. दहा अव्वल केनियन धावपटूंच्या आठवडाभराच्या खाण्याची नोंद घेणारा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाच्या जवळपास ३,००० कॅलरींपैकी तीनचतुर्थांशाहून थोड्या जास्त कर्बोदकांतून येत होत्या आणि प्रथिनांतून जेमतेम १० टक्के. दहाच माणसं आणि एकच आठवडा, तेव्हा या आकड्यांवर इमले बांधू नयेत. पण त्यांच्या गावात जे पिकतं तेच, दिवसातून पाच वेळा, ठरलेल्या वेळी आणि जवळपास रोज सारखंच ही मंडळी खात होती, एवढं त्यातून स्वच्छ दिसतं.

त्याच नोंदीतली एक गोष्ट आहारतज्ज्ञांना घाम फोडणारी आहे. या धावपटूंच्या एकूण ऊर्जेपैकी पाचवा हिस्सा निव्वळ साखरेचा होता. हिशेब केला तर दिवसाला सुमारे दीडशे ग्रॅम, आणि त्यातली बरीचशी चहातून. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वरून घातलेली साखर १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमल्यास पाचच्या. मग हे खुटखुटीत कसे? तर रोजच्या धावण्यात त्यांच्या स्नायूंमधला ग्लायकोजेनचा साठा उपसला जातो आणि आलेली साखर तो भरण्यात खपते. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याचा साठा बहुधा भरलेलाच असतो. त्यावर पडणाऱ्या जास्तीच्या साखरेचा मोठा वाटा अखेर चरबीच्या वाटेने जातो. प्रथिनांचं गणित तर याहून गमतीचं आहे. १० टक्के प्रथिनं म्हणजे कमीच, असं आपण म्हणू. पण ३,००० कॅलरींचे १० टक्के म्हणजे ७५ ग्रॅम, आणि साठ किलोंच्या आत वजन असलेल्या माणसाला ते किलोमागे सव्वा ग्रॅमहून जास्त पडतात. तेच प्रमाण ठेवून १,८०० कॅलरी खाणाऱ्या ६५ किलोंच्या कारकुनाला मिळतात ४५ ग्रॅम, आणि आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे त्याला हवेत सुमारे ५४. म्हणजे धावपटूचं ताट नुसतं लहान करून आपल्यापुढे ठेवलं तरी ते आपलं होत नाही. जो कमी हलतो त्याला कमी खावं लागतं, आणि कमी खायचं तर ताटात भाताची मूद लहान आणि उसळीची वाटी मोठी लागते.

आपल्या तालमींना खाण्या-कष्टाचा हा मेळ केनियाकडून शिकायची गरज नव्हती. कोल्हापुरातल्या पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. तो ऐकूनच बाकीच्यांचं पोट भरावं. पण तो खुराक पहाटेच्या जोर-बैठकांना आणि मातीतल्या लढतींना जोडलेला असतो, हे वस्ताद मंडळी पक्कं ओळखून असतात. तालीम सुटली आणि खुराक सुटला नाही, की पाचसात वर्षांत काय होतं ते तालमीच्या कट्ट्यावर बसलेली पोटंच सांगतात. आज शहरात उलटंच चाललं आहे. जोर मारायच्या आधीच खुराक सुरू होतो. तासभर रमतगमत चालायचं आणि घरी येऊन स्पोर्ट्स ड्रिंकची बाटली रिकामी करायची. दोन तास जिवाच्या आकांताने धावणाऱ्यासाठी केलेलं ते साखरेचं पाणी आहे. चालून जाळलेल्या कॅलरींपैकी बऱ्याचशा ते तिथल्या तिथे परत करतं.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: भारतीय ताटात प्रथिनं कमीच असतात, मग पावडरीला नावं का ठेवता? आक्षेपाचा पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. पण वरच्या कारकुनाच्या हिशेबात कमतरता दहाएक ग्रॅमचीच निघते. मटकीची एक भरलेली वाटी, दोन अंडी, नाहीतर जेवणात रोजच्यापेक्षा घट्ट वरण आणि वाटीभर दही, एवढ्याने ती भरून निघते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही अंगावर मांस चढवण्यासाठी प्रोटीन पावडर घेणं टाळा, असंच म्हटलं आहे. आजारातून उठलेल्यांची, म्हाताऱ्या माणसांची गोष्ट निराळी. तिथे डॉक्टर सांगतील ते खरं. कोणी असंही म्हणेल की केनियाचे धावपटू मुळात वेगळ्याच हाडापेराचे, त्यांची तुलनाच नको. असतीलही. पण मग त्यांचे पदार्थ उचलण्यात अर्थ नाही, हे माझंच म्हणणं अधिक घट्ट होतं.

खरा अवघड आक्षेप वेळेचा आहे. शिबिरातला धावपटू रात्री सातला जेवू शकतो. सहाला फोर्टातलं ऑफिस सोडून गर्दीची लोकल पकडणारा आणि साडेआठला डोंबिवलीच्या घराचं दार उघडणारा माणूस काय करणार? वेळ पाळा, हा सल्ला त्याच्या तोंडावर मारणं सोपं आहे आणि निरुपयोगीही. पण धावपटूच्या त्या पाच वेळांपैकी त्याच्या हातातली वेळ सातची नव्हे, दुपारी चारची आहे. एकला डबा खाल्ल्यावर साडेआठपर्यंत त्याच्या पोटात जातात दोन चहा, चार बिस्किटं आणि स्टेशनबाहेरचा वडापाव. मग नऊला तो वखवखल्यासारखा जेवतो आणि साडेदहाला आडवा होतो. धावपटूचं चारचं खाणं नेमलेलं असतं, ह्याचं वाटेत जे समोर येईल ते. डब्याच्या पिशवीत भाजलेल्या चण्यांची किंवा मोडाच्या मुगाची एक छोटी डबी जास्तीची टाकली आणि ती चार-साडेचारला खरोखर उघडली, तर वडापावचा वास तितकासा ओढत नाही, आणि रात्री दोन भाकऱ्यांच्या जागी एकीवर भागतं.