एका राज्याची वाटणी

एकाच वाड्यात दोन भाऊ. एकाला परसात बाग फुलवायची आहे, दुसऱ्याला तिथेच कुस्तीचा आखाडा हवा आहे. दोघांचीही हौस खरी. मग वाटणी हाच उपाय का? संगणकावरच्या एका काल्पनिक राज्यालाही नेमका हाच प्रश्न पडला होता.

सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेतील ‘ओरिजिन’ कंपनीचा ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा खेळ सुरू झाला. हजारो माणसे आपापल्या घरी बसून ‘ब्रिटानिया’ नावाच्या एकाच राज्यात वावरू लागली. कोणी लोहार झाले, कोणी शिंपी; कोणी घरे बांधली, दुकाने थाटली. आणि काहीजण वेशीबाहेर दबा धरून बसले! शहरात पहारेकरी होते. बाहेर मात्र कोणीही कोणाला मारून त्याचे सामान लुटू शकत असे. संध्याकाळभर खाणीत खपून जमवलेले लोखंड क्षणात जाई. वारंवार खून करणाऱ्याचे नाव लाल अक्षरांत दाखवून पाहिले, तरी लूटमार थांबेना. नवखे खेळाडू कंटाळून खेळ सोडू लागले.

ब्रिटिश अभ्यासक रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्येच अशा खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले होते: कमाई करणारे, शोध घेणारे, गप्पांत रमणारे आणि इतरांवर कुरघोडी करणारे. यांपैकी एकाची संख्या वाढली, की साऱ्यांचाच तोल ढळतो, हे त्यांच्या मांडणीचे सार.

अखेर २००० मध्ये वाटणी झाली. एका राज्याच्या दोन प्रती निघाल्या. ‘ट्रॅमेल’मध्ये संमतीवाचून हल्ला करता येईना, ‘फेलुका’त जुनाच कायदा राहिला. बहुसंख्य लोक ट्रॅमेलला गेले. फेलुकात शिकारी उरले, सावज उरले नाही.

शांतता आली, पण काही हरवलेही. वेशीबाहेर जायचे म्हणून जमणारी सोबत, लुटारूंचा पाठलाग करणारी स्वयंसेवक मंडळी यांचे प्रयोजनच संपले. संकटाने बांधलेला शेजार सैल झाला.

पुढे इतरांनी मधल्या वाटा शोधल्या. २००३ च्या ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये सुरक्षित प्रदेशातही हल्ला करता येतो, पण पोलीस हल्लेखोराचे जहाज नष्ट करतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने २०१८ पासून इतर खेळाडूंशी लढायचे की नाही, ही निवड ज्याच्या त्याच्यावर सोपवली.

या साऱ्यातून एक गोष्ट दिसते. लुटारूला कारागीर लागतोच. कारागिराचे मात्र लुटारूवाचून अडत नाही. म्हणून नियम करताना आधी विचार कारागिराचा व्हायला हवा. याचा अर्थ लढणे वाईट असा नव्हे. आखाड्यात दोघेही राजीखुशीने उतरतात. वाटेत गाठून मारणे ही कुस्ती नव्हे.

आपल्या घरातली मुलेही आज अशाच राज्यांत तासन्‌तास रमतात. किती वेळ खेळलास, हे आपण त्यांना रोज विचारतो. कधीतरी जवळ बसून हेही विचारावे: बाळा, तिथे तू कोण असतोस?