दुधात थेंब टाकण्याआधी विचारा

आमच्या जालना जिल्ह्यात म्हाताऱ्या माणसाच्या दुखण्याबद्दल सगळे बोलतात, फक्त त्या माणसाशी कुणी बोलत नाही. लेक डॉक्टरशी बोलतो, सून औषधाच्या दुकानात बोलते, पुण्याचा पुतण्या फोनवरून सल्ले देतो, आणि ज्याची हाडं ठणकतात तो ओसरीत बाजेवर पडून राहतो. मला याचा संताप आहे. भांग-गांजापासून बनलेल्या औषधांचं वारं आता परतूर-मंठ्यापर्यंत पोचलं आहे, आणि ही जुनी खोड त्यामुळे जिवावर बेतू लागली आहे.

माझ्या चुलत्यांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला आणि तो हाडांत उतरला. जन्मभर कपाशी केलेला माणूस. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. रात्री त्यांचं कण्हणं शेजारच्या घरात ऐकू जाई. पुण्याच्या पुतण्यानं विजयाचं, म्हणजे भांगेचं तेल मागवलं आणि संध्याकाळच्या दुधातून त्याचे थेंब सुरू झाले. अण्णांना कुणी काही सांगितलं नाही, का, तर ‘ते नाही म्हणतील’. तासाभरात काही फरक दिसला नाही म्हणून आणखी थेंब टाकले. पोटातून घेतलेल्या या औषधाचा असर चढायला तास-दोन तास लागतात आणि मग तो कितीतरी वेळ उतरत नाही, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. रात्री लघवीला उठले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. अण्णा उंबऱ्यात पडले. आपल्याला काय होतंय हे त्यांना कळेना, छाती धडधडत होती, आणि घरातल्या एका बाईनं बाहेरचं झालं म्हणून लिंबू उतरवून टाकलं. सकाळी थेंबांची गोष्ट बाहेर आली तेव्हा अण्णा म्हणाले, “मला सांगितलं असतं तर मी घेतलं असतं की. चोरून काहून पाजता? मी काय लेकरू हाय का?”

ज्या माणसानं तुमची लग्नं लावली, वाटण्या केल्या, कर्ज फेडलं, त्याच्या पोटात त्याला न सांगता नशेचा पदार्थ जातो आणि त्याला प्रेम म्हणतात. मी त्याला फसवणूक म्हणतो. हेतू चांगला होता, हे कारण मी ऐकून घेणार नाही. साखरेच्या, रक्तदाबाच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला हे तेल न सांगता देणं उघड धोक्याचं आहे. त्यातला नशा आणणारा भाग उभं राहताना रक्तदाब पाडतो, नाडी वाढवतो, म्हातारपणी भ्रम आणतो. नशा न आणणारा भागसुद्धा यकृताच्या कामात हात घालतो आणि वॉरफरिनसारख्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढवू शकतो. घेणाऱ्यालाच माहीत नसेल तर तो डॉक्टरला काय सांगणार?

दुसरी जात नकार देणाऱ्यांची. अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या, हे कळल्यावर कडाडली, “गांजा? आपल्या घरात?” आत्याच्या कमरेला मिश्रीची डबी असते. दिवस उगवल्यापासून ती हिरड्यांना तंबाखू चोळते, आणि ते तिच्या लेखी व्यसन नाही. जत्रेत चिलीम ओढणाऱ्या बुवाच्या पायावर हीच माणसं डोकं ठेवतात. गुडघेदुखीवर आठवडी बाजारातून पांढऱ्या पुड्या आणतात, आणि दोन दिवसांत आराम पडला की गावभर त्या पुडीवाल्याचं नाव करतात. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असल्याचं तपासण्यांत पुन्हा पुन्हा उघड झालं आहे. तोंड सुजतं, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, आणि तरी त्या पुडीला कुणी नावं ठेवत नाही. दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या महिनोन्‌महिने गिळून किडन्या घालवणारी माणसं मी आमच्याच भावकीत पाहिली. म्हणजे राग नशेवर नाही, अपायावर तर मुळीच नाही. राग फक्त नावावर आहे.

ही वनस्पती काही परवा परदेशातून आलेली नाही. इंग्रज सरकारनं १८९३ मध्ये भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्यानं देशभर हजारांहून जास्त साक्षी घेतल्या आणि १८९४ च्या अहवालात सरसकट बंदीची गरज नाही असं सांगितलं. त्याच्याही आधी, १८३९ मध्ये, कलकत्त्यात डॉक्टर ओशॉनेसी यांनी संधिवात आणि धनुर्वाताच्या रोग्यांवर तिचे प्रयोग मांडले होते. तेव्हा आपल्या संस्कृतीत हे बसत नाही, असं मला कुणी सांगू नये.

पण तेल विकणाऱ्यांच्या बाजूनंही मी उभा नाही. सांधेदुखी, झोप, साखर, कर्करोग, सगळ्यावर एकच बाटली, असं सांगणारा माणूस म्हाताऱ्याच्या कण्हण्यावर धंदा करतो. केमोथेरपीच्या उलट्यांवर या वनस्पतीतल्या द्रव्यासारखी बनवलेली औषधं अमेरिकेत १९८५ पासून मान्य आहेत. मुलांच्या फेफऱ्याच्या दोन दुर्मिळ प्रकारांवर तिच्यापासून केलेलं औषध तिथं २०१८ मध्ये मंजूर झालं. दुखण्याच्या बाबतीत मात्र वेदनेचा अभ्यास करणाऱ्या जागतिक संघटनेनं २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं की शिफारस करण्याइतका पुरावा नाही. काहींना थोडा आराम पडतो, काहींना झोप लागते. त्यापलीकडे कुणी वचन देत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावं.

कायद्याचंही घरात खरं सांगा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं या झाडाच्या फुलोऱ्याच्या शेंड्याला, म्हणजे गांजाला बंदी घातली. पानं आणि बिया त्या व्याख्येतून वगळल्या, पण आपल्या राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे. आयुर्वेदिक परवान्याचं औषध वैद्याच्या चिठ्ठीवर मिळतं, ते वेगळं. तुरीच्या ओळीत चोरून लावलेल्या झाडाचा पाला उकळणं वेगळं, आणि परदेशातल्या नातवानं बॅगेतून आणलेल्या गोळ्या-चॉकलेटं आणखी वेगळी. शेवटच्या दोन्हीत तुरुंग आहे. एक किलोच्या आतला गांजा सापडला तरी वर्षभराची सक्तमजुरी होऊ शकते, आणि झडती म्हाताऱ्याच्याच उशाखाली होणार.

मला सगळ्यांत जास्त चीड येते ती पुढच्या गोष्टीची. अण्णांच्या दुखण्यावर पुरावा असलेलं, स्वस्त, कायद्यानं मान्य औषध होतं. ते म्हणजे तोंडानं घ्यायचं मॉर्फिन. महिनोन्‌महिने इतक्या डॉक्टरांना दाखवलं, पण एकानंही त्याचं नाव काढलं नाही. जालन्यात ते आम्हाला मिळालं नाही. साठ किलोमीटरवर संभाजीनगरला गेलो तेव्हा मिळालं. ठरल्या वेळी गोळी, सोबत पोट साफ होण्याचं औषध, आणि अण्णा पुष्कळ दिवसांनी रात्रभर झोपले. ‘मॉर्फिन सुरू केलं म्हणजे माणूस संपला’ असं आमच्याकडे शिकलेली माणसंसुद्धा बोलतात. हे खोटं आहे. बरोबर मात्रेत दिलेलं मॉर्फिन माणसाला मारत नाही, त्याला जेवू-बोलू देतं.

मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात केंद्राच्या परवान्यानं अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. जगाला औषधी अफू पुरवणाऱ्या या देशात बदनापूरचा शेतकरी कर्करोगानं ओरडत मरतो. १९८५ च्या कायद्यानं डॉक्टर आणि दुकानदार इतके धास्तावले की मॉर्फिन ठेवणंच बंद झालं. २०१४ मध्ये संसदेनं कायदा दुरुस्त केला. २०१५ मध्ये मॉर्फिनसह सहा औषधं अत्यावश्यक ठरवली, आणि मान्यताप्राप्त रुग्णालयाला औषध नियंत्रकाची एकच परवानगी पुरेशी केली. अडचण कागदावर सुटली त्याला दहा वर्षं झाली. उपजिल्हा रुग्णालयांनी ही मान्यता घेतली का, हे विचारायला आमचे पुढारी कधी गेले? मोसंबीच्या भावावर आंदोलन करणारे हात या प्रश्नावर वर आलेले मी पाहिले नाहीत.

तेव्हा जिल्ह्यातल्या लेकी-सुनांना आणि पुतण्यांना माझं सांगणं आहे. आधी म्हाताऱ्या माणसाच्या बाजेशेजारी बसा आणि विचारा, कुठं दुखतं, केव्हा दुखतं, किती सोसवतं. बाटली त्यांच्या हातात द्या. ती कशाची आहे, काय होऊ शकतं, आधार किती तोकडा आहे, हे त्यांच्या बोलीत सांगा. चालू गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरकडे जा आणि बाटलीही दाखवा. डॉक्टर चिडले तर दुसऱ्याकडे जा. कर्करोगाचं दुखणं असेल तर तेलाच्या आधी मॉर्फिन मागा, नाव घेऊन मागा, नाही म्हणाले तर का नाही ते लिहून मागा. आणि एवढं सगळं ऐकून म्हातारा माणूस “नको” म्हणाला, तर त्याच्या दुधात काही टाकू नका.