बोर्दोची द्राक्षे आणि खंडोबाचे वांगे

१९४९ च्या कायद्याने बडोद्यात दारूबंदी. तरी बोर्दोच्या तांबड्या मद्याची महती येथील काही सुशिक्षित घरांत रंगून सांगितली जाते. गारोनकाठची खडीची जमीन, काबेर्ने द्राक्ष, आणि सोबत मेंढीचेच मांस; कारण मांसाच्या स्निग्धतेने मद्याचा तुरटपणा निवतो. हे ज्ञान खोटे नव्हे. पण चंपाषष्ठीस खंडोबाला भरीत-रोडगाच का, असे विचारताच हे रसिक गप्प! चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे त्या दिवशी पुन्हा पानात येते, हे त्यांच्या गावीही नाही. फ्रेंचांनी १९३५ साली कायदा करून मद्याचे नाव त्याच्या मातीशी बांधले. गोव्याच्या काजूफेणीसही २००९ साली भौगोलिक मानांकन लाभले. आमच्या पंगतीत मात्र सोलकढी म्हणून रंगीत पाणी वाढले, तरी आम्ही वाटी पुढे करतो!