पन्नाशीची अट

धसईच्या आमच्या पडवीत माझी १९६८ सालची स्टँडर्ड हेराल्ड उभी आहे. मद्रासला बनलेली, हिच्याच घराण्यातली विलायतेतली स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार. बँकेतला निम्मा बोनस हिच्या पत्र्यावर गेला. (सौ.ला आकडा अजून ठाऊक नाही!)

२०२१च्या केंद्रीय नियमाने पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ रूपातल्या गाड्यांना व्हिंटेजचा दर्जा दिला. नवी नोंदणी २०,००० रुपयांत, १० वर्षांसाठी. मात्र अशी गाडी रोज फिरवायची नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. साधी नोंदणी ठेवावी, तर दर ५ वर्षांनी फिटनेसची परीक्षा. दहा गाड्या बाळगणाऱ्या श्रीमंताला हा नियम मानवेल. मला हिच्यातून मुरबाडच्या बाजाराला जायचे असते. अर्ज भरून ठेवला आहे. सही अजून केलेली नाही.