ताट गरम, घास गार

भगिनींनो, मायक्रोवेव्ह ओव्हन आता आपल्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या शेजारी येऊन बसला आहे. कुणाकडे तो लग्नात भेट म्हणून आलेला असतो, कुणाकडे आखातात नोकरीला असलेल्या मुलाने घेऊन दिलेला असतो. बऱ्याच घरांत त्याचे काम चहा आणि कालचे सालन गरम करण्यापुरतेच असते. काही घरांत तर त्याच्या डोक्यावर विणलेला रुमाल आणि रुमालावर बरण्या, असे त्याचे कपाट झालेले असते. त्याच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. कुणी म्हणते, त्यातून किरणे बाहेर येतात, जवळ उभे राहू नये. कुणी म्हणते, बटण दाबले की झाले, त्यात शिकायचे काय? आमच्या मते दोन्ही बाजूंची गल्लत आहे. आपण भितो ते भलत्याच गोष्टीला, आणि जिथे सांभाळायचे तिथे आपले लक्ष नसते.

अन्न तापते कसे?

ही कल्पना रडारच्या कारखान्यातून आली. १९४५ साली अमेरिकेत पर्सी स्पेन्सर या अभियंत्याला रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ काम करताना खिशातली मिठाईची वडी वितळलेली आढळली. दोन वर्षांनी बाजारात आलेला पहिला ओव्हन माणसाच्या उंचीचा आणि सुमारे ३४० किलो वजनाचा होता. ओट्यावर मावेल असा ओव्हन १९६७ मध्ये आला. आजही आपल्या ओव्हनच्या पोटात मॅग्नेट्रॉनच असतो.

चुलीवर आधी भांडे तापते, मग अन्न. इथे लहरी थेट अन्नातल्या पाण्याला आणि चरबीला तापवतात. पण त्या फार आत शिरत नाहीत. बहुतेक पदार्थांत दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच त्यांचा जोर असतो. त्यापुढची उष्णता बाहेरून आत हळूहळू झिरपत जाते. शिवाय पेटीच्या आत लहरी सगळीकडे सारख्या नसतात. काही जागी त्या जोरदार, काही जागी अगदी मंद. काचेची ताटली फिरते ती याचसाठी. तरीही वाटीच्या कडेचे सालन उकळते आणि मधला तुकडा गारच राहतो. वाटी हाताला चटका देते म्हणून आपण समजतो, अन्न गरम झाले. मायक्रोवेव्हमधला खरा धोका इथे आहे. कोमट अन्नात जंतू मरत नाहीत, उलट वाढतात.

आता किरणांविषयी. क्ष-किरणांसारखी शरीरातल्या पेशी मोडण्याची ताकद या लहरींत नसते. दार उघडताच त्या थांबतात आणि अन्नात मागे काही राहत नाही. लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर आणि दाराच्या काचेतल्या धातूच्या जाळीची छिद्रे जेमतेम एक-दोन मिलिमीटरची, त्यामुळे त्या बाहेर निसटत नाहीत. मात्र दार वाकले असेल, नीट बसत नसेल, बिजागरी ढिली असेल किंवा जाळी फाटली असेल, तर दुरुस्त होईपर्यंत तो ओव्हन वापरू नये.

उरलेली बिर्याणी आणि सालन

आपल्या घरात दावत झाली की चार डबे उरतातच. अन्न वाया जाऊ नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणूनच उरलेले नीट ठेवायला हवे. शिजलेल्या भातात बॅसिलस सीरिअस नावाच्या जंतूचे बीजाणू जिवंत राहू शकतात. भात तासन्‌तास बाहेर कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम करून जात नाही. रात्रभर पातेल्यात राहिलेली बिर्याणी सकाळी मायक्रोवेव्हमध्ये कितीही तापवली, तरी ती सुरक्षित होत नाही. हे यंत्र अन्न गरम करते, बिघडलेले अन्न सुधारत नाही.

म्हणून जेवणे आटोपताच, दोन तासांच्या आत, उरलेले फ्रिजमध्ये जायला हवे. एप्रिल-मेच्या उकाड्यात तर तासाभरातच. अख्खे पातेले आत ढकलू नका, त्याचा मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. पसरट, उथळ डब्यांत भरा.

गरम करताना लागेल तेवढेच बाहेर काढा. पुन्हा पुन्हा गरम आणि पुन्हा पुन्हा गार, हे टाळा. भात ताटलीत कडेने पसरा आणि मध्ये मोकळी जागा ठेवा. वरून एक-दोन चमचे पाणी शिंपडा. मटणाचे किंवा कोंबडीचे मोठे तुकडे असतील तर मोडून लहान करा, हाडाजवळचा भाग उशिरा तापतो. झाकण ठेवा, पण वाफ निघायला फट राहू द्या. निम्मी वेळ झाली की बाहेर काढून खालीवर करा आणि उरलेली वेळ द्या. मग दोन मिनिटे तसेच झाकून ठेवा. या दोन मिनिटांत कडेची उष्णता मध्यापर्यंत पोहोचते. उरलेले अन्न आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापावे, असा नियम आहे. स्वयंपाकाचा थर्मामीटर आता सहज मिळतो. तो नसेल तर मधोमध चमचा घालून पाहा, तिथून भरपूर वाफ यायला हवी आणि जाड तुकडा मोडल्यावर आतूनही चटका बसायला हवा.

झाकण काढताना ते आपल्या तोंडाकडे नव्हे, पलीकडे उघडा. वाफेने मनगट आणि चेहरा भाजण्याचे प्रकार असेच होतात.

सेहरीची घाई

रमजानमध्ये या यंत्राची खरी कसोटी लागते. वेळ थोडा, डोळ्यांवर झोप, आणि घरातली लहान-मोठी सगळीच मंडळी एकदम जेवायला बसलेली. अशा वेळी रात्रीच प्रत्येकाचा वाटा वेगळ्या काचेच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावा. एका वेळी एकच डबा गरम करावा. दोन ठेवले तर वेळही जवळपास दुप्पट लागतो आणि दोन्ही अर्धवट राहतात. आधी अब्बा आणि दादीचे गरम करा. वयस्कर माणसांना आणि गरोदर सुनेला अर्धवट गरम अन्नाचा त्रास जास्त होतो.

उकडलेली अंडी अख्खी आत ठेवू नयेत. आत वाफ कोंडते आणि अंडे कधी ओव्हनमध्ये, तर कधी तोंडात घास घेताना फुटते. अंड्याचे तुकडे करून मगच गरम करावे.

चहासाठी पाणी तापवतानाही जपावे. गुळगुळीत कपात पाणी कधीकधी उकळीच्या पुढे तापते, पण वर एक बुडबुडाही दिसत नाही. त्यात चहाची पुडी किंवा कॉफी पडताच ते एकदम उसळून हातावर येते. कपात आधीच लाकडी चमचा ठेवावा, लागेल तेवढाच वेळ लावावा आणि झाल्यावर मिनिटभर थांबून मगच कप उचलावा.

तान्ह्या बाळाचे दूध

इथे आमचे सांगणे स्पष्ट आहे: बाळाची बाटली मायक्रोवेव्हमध्ये ठेवूच नये. बाहेरून बाटली कोमट लागते आणि आतल्या दुधाचा एखादा भाग जीभ-टाळू भाजेल इतका गरम असतो. काढून ठेवलेले आईचे दूध असो की पावडरचे, बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी करावी, हलवावी आणि मनगटावर दोन थेंब टाकून पाहावे. चार-पाच मिनिटे जातात, पण बाळाचे तोंड पोळत नाही.

थोडी मोठी मुले ओव्हनमधली वाटी स्वतः ओढायला जातात आणि उकळते सालन अंगावर घेतात. दार त्यांच्या हाताला लागणार नाही, पण आपल्याला खांद्याच्या वर हात न करता भांडे काढता येईल, अशा उंचीवर ओव्हन ठेवावा.

बकरी ईदचे गोश्त

फ्रीझरमधला दगडासारखा गोळा पूर्ण शक्तीवर ठेवला की कडा शिजतात आणि मध्ये बर्फ तसाच राहतो. याचे कारण साधे आहे. बर्फापेक्षा पाणी लहरी फार जास्त शोषते, त्यामुळे जिथे आधी वितळले तिथेच आणखी तापत जाते. म्हणून गोश्त ठेवतानाच अर्धा-अर्धा किलोच्या चपट्या पुड्या करा. सर्वांत चांगले म्हणजे आदल्या रात्री पुडी फ्रीझरमधून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवणे. घाईच असेल तर पिशवी काढून गोश्त काचेच्या भांड्यात घ्या, डिफ्रॉस्टवर लावा, दर दोन-तीन मिनिटांनी उलटा आणि सुटे झालेले तुकडे बाजूला काढा. असे गोश्त लगेच शिजवायला टाकावे. ते पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवू नये. अर्धे शिजवून बाकीचे संध्याकाळी, हेही नको.

कोणते भांडे चालेल?

स्टील, ॲल्युमिनिअम, तांबे, फॉइल ही भांडी मायक्रोवेव्हवर नकोत. सोनेरी काठाच्या ज्या प्लेटा आपण पाहुण्यांसाठी काढतो, त्याही नकोत. त्या काठाला ठिणग्या उडतात. मेलामाइनच्या प्लेटा दिसायला चिनी मातीसारख्या असल्या तरी गरम करण्यासाठी नाहीत. आइस्क्रीमचे रिकामे डबे आणि हॉटेलच्या पार्सलचे पातळ डबे यांतही गरम करू नये. तेलकट रस्सा पाण्यापेक्षा जास्त तापतो आणि प्लास्टिक मऊ पडते. त्रिकोणात ५ हा आकडा असलेले प्लास्टिक उष्णता बऱ्यापैकी सोसते, तरी त्यावर मायक्रोवेव्हची खूण आहे का ते पाहावे. सर्वांत चांगली ती उष्णता सोसणारी काच आणि साधी, बिनकाठाची चिनी मातीची भांडी. भांड्याविषयी शंका असेल तर ते रिकामे ठेवून शेजारी पाण्याचा ग्लास ठेवा आणि एक मिनिट चालवा. पाणी गार आणि भांडे गरम झाले, तर ते भांडे बाद. ही परीक्षा काच आणि चिनी मातीसाठीच आहे, धातूच्या किंवा सोनेरी काठाच्या भांड्यांसाठी नाही.

ज्यांचा ओव्हन कन्व्हेक्शनचा आहे, त्यांनी बटण दोनदा पाहावे. कन्व्हेक्शन आणि ग्रिलवर आतली हवा भट्टीसारखी तापते. तिथे मायक्रोवेव्हचे प्लास्टिकही वितळते. अशा वेळी सोबतच्या पुस्तिकेत सांगितलेली भांडी आणि जाळीच वापरावी.

वेळेचा हिशेब

एका घरात तीन मिनिटांत होते ते दुसऱ्या घरात का होत नाही? ओव्हनची शक्ती वेगळी असते म्हणून. आपल्या ओव्हनवर ७००, ८०० की ९०० वॅट लिहिले आहे ते पाहून ठेवा. कृतीत ९०० वॅटवर ४ मिनिटे सांगितली असतील, तर ७०० वॅटच्या ओव्हनला ५ मिनिटांहून थोडे अधिक लागतील. अन्न जाड असेल तर पूर्ण शक्तीऐवजी निम्मी शक्ती आणि जास्त वेळ द्यावा, म्हणजे मध्यापर्यंत उष्णता पोहोचते.

योग्य कामाला लावले तर हे यंत्र मोठी मदत करते. थोड्या पाण्यात, झाकून, कमी वेळात वाफवलेल्या भाजीत क जीवनसत्त्व पुष्कळ प्रमाणात टिकते. लसूण १५-२० सेकंद ठेवला की साल सहज निघते. लिंबू तेवढाच वेळ ठेवले तर रस जास्त निघतो. पापड तेलाशिवाय मिनिटभरात फुलतो. चपाती मात्र उघडी ठेवली तर चामडे होते. ती ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून १५-२० सेकंदच ठेवावी. तळण्याचे तेल या ओव्हनमध्ये कधीच तापवू नये, आणि सुक्या मिरच्या भाजू नयेत, सारे घर खोकत बसेल.

वीज आणि स्वच्छता

८०० वॅटचा ओव्हन प्रत्यक्षात १२००-१३०० वॅट वीज ओढतो. त्याला १६ अँपिअरचे, अर्थिंग असलेले स्वतंत्र सॉकेट हवे. एक्स्टेन्शन बोर्डवर तो लावू नये. बिलाची फार धास्ती नको. पाच-पाच मिनिटे नऊ वेळा चालवला तर साधारण एक युनिट जाते. हवेच्या जाळ्या मोकळ्या ठेवा, म्हणजे तो रुमाल आणि त्या बरण्या आता उतरवा. रिकामा ओव्हन चालवू नका. आत काही पेटलेच, तर दार उघडू नका. बटण बंद करा, प्लग काढा आणि आग आपोआप विझू द्या. मागचे झाकण घरी कधीही खोलू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतकी वीज साठलेली असू शकते. ते काम कारागिराचे.

आतले डाग काढायला वाटीभर पाण्यात लिंबाच्या फोडी आणि एक लाकडी चमचा टाकून तीन-चार मिनिटे चालवा. पाच मिनिटे दार बंद ठेवा, मग मऊ कापडाने पुसून घ्या. दाराच्या कडा विशेष पुसा, तिथे साचलेल्या चिकट थरामुळे दार नीट बसत नाही.

एवढे सगळे लक्षात राहायचे नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून एका कागदावर चारच शब्द लिहून ओव्हनच्या दारावर चिकटवा: झाका, ढवळा, थांबा, मध्ये पाहा. घरातली मुले, अब्बा आणि सेहरीला उठणारे सगळेच ते वाचतील. गरम काय झाले, ताट की घास, हे रोज पाहायची सवय लागली की निम्मे काम झाले.